नानांनी फोनवर दिलेलं उत्तर

सॅनिटायझरचा वास आला की जळगावच्या दवाखान्यातला तो व्हरांडा आठवतो. कॉलेजच्या राखीव जागेसाठी मला दिव्यांग प्रमाणपत्र हवं होतं आणि कोरोनामुळे तपासणी फोनवरच चालली होती. डॉक्टरबाईंनी माझ्या पायाबद्दल विचारताच वडील, म्हणजे नाना, स्थळाकडच्या पाहुण्यांना सांगायचे तसंच सवयीने म्हणाले, "पोर मस्त चालस, बठ्ठं बेस शे!" म्हणजे पोरगी छान चालते, सगळं ठीक आहे! मी कपाळाला हात लावला. बाई हसल्या, "भाऊ, मी मुलगी बघायला नाही आले. फोनवर पाय तपासता येत नाही, तिला घेऊनच या." आम्ही पाचोऱ्याहून गेलो. बाईंनी मला व्हरांड्यात चालायला लावलं. नाना भिंतीकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "लंगडस, बाई. ल्हानपणपासून." प्रमाणपत्र मिळालं, राखीव जागेवर प्रवेशही झाला. आमच्या घरातली पहिली पदवी बाईंच्या त्या बोलावण्याने आणि नानांच्या त्या शब्दांनी माझ्या हातात आली.