पूजेत मांडलेलं कुलूप

सुरतजवळ उधन्यातल्या आमच्या मिलमध्ये पंख्यांचा वर्ग मी घेतो. दर सहा महिन्यांनी एकदा, जेवणाच्या सुट्टीनंतर, कँटीनची बाकं सरकवून. लोक पोटभर जेवून आलेले असतात, निम्म्यांचे डोळे मिटत असतात, आणि मी फळ्यावर पंखा काढत असतो. घरात छताला लटकतो तो पंखा नव्हे. आमचा पंखा पत्र्याच्या गोल पोटात बसतो, माणसाच्या छातीएवढा उंच, आणि कापड वाळवणाऱ्या यंत्रातली गरम, तेलकट हवा ओढून धुराड्यातून बाहेर फेकतो. त्या यंत्राला आम्ही स्टेंटर म्हणतो.

वर्गात मी जे सांगतो ते सगळं बरोबर असतं. पायाचे बोल्ट ढिले झाले की पंखा आधी गुणगुणतो, मग थरथरतो, ते थरथरणं कानाने नाही, तळहाताने ओळखायचं. पट्ट्यावरची जाळी काढून पंखा चालवायचा नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. बेअरिंगला वंगण कमी पडलं तर वाईट आणि जास्त झालं तरी वाईट. वीज तोडली म्हणजे पंखा मेला असं समजायचं नाही, धुराड्यात वारा शिरला की पाती आपसूक फिरतात, म्हणून हात घालण्याआधी लाकडाची पाचर मारायची. आणि सगळ्यात आधी, स्विच खाली पाडून त्याला स्वतःचं लाल कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवायची. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर आत जायचं नाही.

हे सांगून झालं की मी एक गोष्ट सांगतो. आमच्याकडचा एक जुना फिटर होता, तीस वर्षांचा अनुभव, पण एक दिवस कुलूप लावायला विसरला आणि हाताची बोटं गमावून बसला. या गोष्टीला डुलक्या घेणारेही डोळे उघडतात. सात वर्षं मी ती सांगितली. सांगताना माझा आवाज योग्य ठिकाणी खाली जायचा, तेही मला जमायला लागलं होतं.

तो फिटर म्हणजे आबा. माझे कुणी लागत नव्हते, पण आमच्या धुळ्याकडचे, शेजारच्या गावचे, म्हणून आबा. आयटीआय करून मी सुरतला आलो तेव्हा त्यांच्याच खोलीत आठ महिने राहिलो. काकूंच्या हातची भाकरी खाल्ली, त्यांच्याच सायकलवर कामावर गेलो. मिलमध्ये मला चिकटवलं त्यांनी. पंखा शिकवला त्यांनी. बेअरिंगवर पान्याचं टोक टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं आणि आतला आवाज ऐकायचा, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पुढे माझं शिक्षण कागदावर जास्त म्हणून मी सुपरवायझर झालो आणि आबा माझ्या हाताखाली आले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटायचं, पण चार लोकांत ते मला ‘साहेब’ म्हणाले की बरंही वाटायचं. आता कबूल करायला हरकत नाही.

लाल कुलपं मिलमध्ये आली ती माझ्या कारकिर्दीत. आधी कुलूपबिलूप काही नव्हतं, स्विचवर पुठ्ठा लटकवायचे, ‘काम चालू है’. मी मॅनेजरच्या मागे लागून बारा कुलपं मागवली, प्रत्येक फिटरला एक. जुन्या लोकांनी नाकं मुरडली. आबांनी मात्र पहिल्याच दिवशी किल्ली करदोट्यात ओवली आणि त्यानंतर कुलूप न घालता ते पंख्याजवळ गेल्याचं मी कधी पाहिलं नाही. पाच मिनिटांचं काम असलं तरी आधी कुलूप. घाईच्या वेळी मीच त्यांच्यावर वैतागायचो.

दसऱ्याला खाती बंद असतात. आम्ही देखभालवाले तेवढे येतो, यंत्रं पुसतो, झेंडूच्या माळा घालतो, पाने आणि हत्यारं चौरंगावर मांडतो. मग आरती झाली की यंत्र एक मिनिट चालवून मुहूर्त करायचा. त्या वर्षी मला कल्पना सुचली. म्हटलं, कुलपं हीच आता आपली खरी आयुधं. बाराच्या बारा कुलपं गोळा केली, घासून पुसून कलशाभोवती गोल मांडली, प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येकाला नाडा. मॅनेजरने मोबाइलवर फोटो काढला आणि शेठला पाठवला. मी नवरदेवासारखा मिरवत होतो.

तेवढ्यात आबा आले. स्टेंटरच्या पंख्याला महिनाभर थरथर होती. पात्यांवर कापडाची रुई आणि तेल मिळून डांबरासारखा थर बसला होता, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. खरवडायला हवं होतं, पण यंत्र बंद मिळत नव्हतं. आज आयतं बंद आहे, थंड आहे, तर तेवढं उरकून टाकतो असं ते म्हणाले आणि त्यांनी त्यांचं कुलूप मागितलं. चौरंगाकडे बोट करून मागितलं. दुसरा हात कमरेच्या किल्लीवर होता, मला तो अजून दिसतो.

मांडलेली पूजा आरतीआधी मोडायची नाही हे आम्हा दोघांच्याही घरचं वळण. एक कुलूप उचललं की गोल मोडला असता, कुंकू सांडलं असतं. शिवाय शेठ अकराला येणार होते आणि त्यांनी माझी मांडणी बघावी असं मला फार वाटत होतं. मी आबांना म्हटलं की मुहूर्ताला अजून दोन तास आहेत, तेवढ्यात तुमचं होईल. ते हलेनात. मग मी ते वाक्य बोललो, आमच्या अहिराणीत.

“कुलूप कशाले, आबा? मी उभा शे ना आठे.”

आबांनी एकदा चौरंगाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी पंख्याचा स्विच स्वतः खाली पाडला, मला दाखवला, खरवडणी आणि पाचर घेतली आणि लोखंडी जिन्याने माळ्यावर गेले. पंखा वर माळ्यावर आणि स्विच, बटणं सगळी खाली. खालून वरचं काही दिसत नाही.

शेठ आलेच नाहीत. साडेनवाला त्यांचा फोन आला की पाहुणे आलेत, तुम्ही उरकून घ्या. मग एकच धांदल झाली. भटजींना दुसरीकडे जायचं होतं, पेढे यायचे होते, आरतीचं तबक सापडत नव्हतं. मी दहा ठिकाणी नाचत होतो. आरती झाली, घंटा वाजली, आणि मॅनेजर म्हणाला की आज बटण तुम्हीच दाबा, कुलपांची कल्पना तुमची आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बटण दाबून यंत्र चालू झालं नाही तर शोभा होईल म्हणून मी आधी सगळे स्विच बघितले. एक खाली होता. पूजेसाठी पुसताना कुणीतरी पाडला असेल असं मला वाटलं. मी तो वर केला. कुलूप घालायचं भोक रिकामं होतं. तिथे लाल कुलूप असतं तर माझा हात जागच्या जागी थांबला असता, त्याचसाठी तर मी ती मागवली होती.

स्टेंटरमध्ये पंखा आधी सुरू होतो, मग साखळी. कुंकू लागलेल्या अंगठ्याने मी बटण दाबलं.

वरून आवाज आला तो पत्र्यावर लोखंड आदळल्याचा. खरवडणी होती ती. तोवर मला सगळं आठवलं होतं. लाल बटण मी लगेच दाबलं, पण एवढं जड चाक लगेच थांबत नाही, हेही मी वर्गात सांगतो. एक पातं साफ झालं की पाचर काढून चाक हाताने पुढे सरकवायचं आणि पुन्हा पाचर मारायची. आबांनी नेमकी पाचर काढलेली होती. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तिसरं अर्धं गेलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मॅनेजरने मला विचारलं की हे झालं कसं, कुलूप नव्हतं का. मी म्हणालो, “त्यांनी लावलं नव्हतं.” शब्दन् शब्द खरा होता. पुढचं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं अशी मी कितीतरी दिवस स्वतःची समजूत घालत होतो. त्याने पुढचं विचारलं नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आबा आत होते, काकू बाकावर बसल्या होत्या, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. याची मला त्या बटणापेक्षा जास्त लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर जबाब घ्यायला गेला तेव्हा मी कॉटच्या पायाशी उभा होतो. आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती, तिच्या बारशाला काकूंनीच पाळणा सजवला होता. आबा मॅनेजरला म्हणाले, “मैं लगाना भूल गया, साहब.” त्याने ते लिहून घेतलं, आबांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि परत येऊन त्यांना मोसंबी सोलून दिली. 

ते बरे होऊन आले तेव्हा त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. सकाळी फिटर लोक यायचे, आबा त्यांना पाने द्यायचे आणि लाल कुलपं द्यायचे. समोरच्या भिंतीवर सूचनेचा कागद चिकटवलेला होता. कुलूप न लावल्यामुळे झालेला अपघात, सर्वांनी बोध घ्यावा. अक्षर माझंच. नवी पोरं त्यांना मागून ‘भुलक्कड काका’ म्हणायची. मी ऐकलं की ओरडायचो, आणि ओरडताना स्वतःला भला माणूस समजायचो.

मग मिलने वर्ग सुरू केले आणि ते माझ्याकडे आले. पहिल्या वर्गात ती गोष्ट तोंडातून निघून गेली. लोकांनी कान टवकारले, मॅनेजर खूश झाला, आणि ती माझ्या वर्गाचा भाग होऊन बसली. वर्गाला आबांनाही यावं लागे, सगळ्यांनाच सक्ती होती. ते मागच्या बाकावर बसायचे, हात टेबलाखाली. गोष्ट आली की चार माना मागे वळायच्या. मी फळ्याकडे वळायचो.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी नारळ, शाल, चार भाषणं झाली. एक भाषण मीही केलं, चांगलं झालं म्हणाले लोक. नंतर स्टोअरचा ताबा घ्यायला आम्ही दोघंच राहिलो. आबांनी करदोट्यातून ती जुनी किल्ली काढली, माझ्यासमोर ठेवली आणि शालीची घडी घालत बोलले. रागाने नाही, पाना मोजून द्यावा तसं.

“मी इसरेल नव्हतू. साहेबले मी एकदावच सांगं, तुनासाठे. तू ते दरसाल सांगस.”

मी किल्ली उचलली. ते जिन्याकडे निघालेही होते. दुसऱ्या आठवड्यात काकूंना घेऊन ते गावी गेले.

त्यानंतरच्या वर्गाला मी ठरवून गेलो. दोन महिने ठरवत होतो, खरं सांगायचं तर. समोर बत्तीस माणसं होती, सगळी नव्या भरतीची, आबांना कधी पाहिलेलं त्यांत कुणी नव्हतं. ज्यांनी माना वळवल्या होत्या त्यांतले बहुतेक दुसऱ्या मिलमध्ये गेले होते. माझ्या मनात आलं, आता सांगायला काय लागतंय. तरीही मी आधी सगळा फळा पुसला. मी सांगितलं की तो फिटर विसरला नव्हता. त्याने कुलूप मागितलं होतं, आणि ज्याने ते पूजेत मांडलं होतं त्या माणसाने ते दिलं नाही, आपण राखण करतो म्हणाला, आणि स्वतःच बटण दाबलं.

मग पेपर वाटले. वर्गानंतर दहा प्रश्नांचा पेपर असतो, उत्तरावर खूण करायची. एका नव्या कामगाराने, नंदुरबारकडचा असावा, हात वर केला. सातवा प्रश्न होता, पंख्यावरचा अपघात कशामुळे झाला. खाली चार पर्याय, विसरभोळेपणा, घाई, अपुरा उजेड, जाळी नसणे. पेपर मीच काढलेला, पहिल्या वर्षीच. तेव्हापासून पहिल्या पर्यायालाच मी बरोबरची खूण देत आलो होतो.

“साहेब, तुम्ही सांगितलं ते यात नाही,” तो म्हणाला. “मग खूण कशावर करू?”

मी म्हणालो की खाली मोकळी जागा आहे, तिथे पाचवा पर्याय लिहा.

“काय लिहू?”

मी सगळ्यांना माझं नाव सांगितलं. मागच्या बाकावरच्यांना नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा एकदा सांगितलं, आडनावासकट. बत्तीस माणसं माना खाली घालून ते लिहून घेत होती.