बाराच्या आधी पाजायचं नाही

काट्यावर आकडा आला २.६१०. मी बाळाला उचललं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवलं. २.६१०.

जन्माच्या वेळी वजन २.९०० किलो होतं. पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं. मग ते चढायला लागतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनाशी येऊन पोचतं. हिचा आज दहावा दिवस होता आणि वजन अजून खालीच.

"किती वेळा पाजता?" मी आईला विचारलं.

"सहा," वडील म्हणाले. "चार, आठ, बारा. परत चार, आठ, बारा."

मी रत्नागिरीतल्या एका मुलांच्या हॉस्पिटलमध्ये ब्रेस्टफीडिंग कौन्सेलर आहे. बाळाला अंगावर कसं पाजायचं, हे नव्या आयांना शिकवते. माझं काम ऐकलं की लोक विचारतात, "तुमचं लग्न झालंय?" नाही झालेलं. पुढचा प्रश्न ते विचारत नाहीत, तो मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

हे कुटुंब पावसहून आलं होतं. आई स्नेहल, चोवीस-पंचवीसची, डोक्याला स्कार्फ, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली. तिचा नवरा प्रसाद मालवाहू जहाजावर इंजिन रूममध्ये कामाला. सहा महिन्यांनी घरी आलेला आणि अजून तीन आठवड्यांनी परत जाणारा. प्रसादची आई दुपटी भरलेली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मुलीचं नाव अजून ठेवायचं होतं. ती कुरकुरत होती. घरच्यांचं म्हणणं एकच, ही सारखी किरकिर करते.

"मध्ये रडली तर?" मी परत स्नेहलकडे बघून विचारलं.

"सगळं लिहिलंय," प्रसाद म्हणाला आणि त्याने बॅगेतून जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं.

इतकं नीट लिहिलेलं रजिस्टर आमच्या हॉस्पिटलमध्येही नाही. पट्टीने आखलेले रकाने. वेळ, पी, एस, शू, शी, शेरा.

"पी म्हणजे?"

"पोर्ट. जहाजाची डावी बाजू. एस म्हणजे स्टारबोर्ड, उजवी. दहा मिनिटं पोर्ट, दहा मिनिटं स्टारबोर्ड."

त्याला हे सांगताना काहीच वाटलं नाही. माझे कान तापले. स्नेहल फरशीकडे बघत होती.

मग त्याने मला पद्धत समजावून सांगितली. जहाजावर मशीन चोवीस तास चालू असतं, म्हणून माणसं चार-चार तासांच्या पाळ्या करतात. त्याला वॉच म्हणतात. आपली वॉच झाली की आठ तास मोकळे. आणि झोपायला गेलेल्या माणसाला आग लागल्याशिवाय कुणी उठवत नाही. घरी त्याने तेच लावलं होतं. चार ते आठ स्नेहल, आठ ते बारा त्याची आई, बारा ते चार तो स्वतः. वॉच बदलताना बाळ स्नेहलकडे द्यायचं, तिने पाजायचं, मग ज्याची वॉच त्याने घेऊन जायचं. दुसऱ्या खोलीत.

"बाळंतीण आहे," तो म्हणाला. "तिची झोप मोडायची नाही. मी गेल्यावरही हे असंच चालायला हवं. म्हणून आत्ताच सेट करतोय."

यात रागवण्यासारखं काय आहे, हे मला शोधावं लागलं. बायको दमते म्हणून बारा ते चार बाळ खांद्यावर घेऊन फिरणारा नवरा मी याआधी पाहिला नव्हता. बाळ मात्र दहा टक्के उतरलं होतं.

आजी म्हणाल्या, "बाय, दूधच पुरत नसेल हिला. मोरी माशाचं कालवण घालतेय रोज, आळीव घालतेय. माझ्या वेळेला मी पोराला काखेत घेऊन बाजारात मासे विकायची. घड्याळ कोण बघतोय! पण ह्याने सगळं आखून दिलंन. शिकलेला हाय. एवढं इंजिन चालवतो, मग पोर काय मोठं."

"मध्ये रडली तर तुम्ही काय देता?"

"काय देणार? गुटीचं बोट, पाण्याचा चमचा. मग गप होते."

मी शू-चा रकाना बघितला. पाच-सहा दिवसांपुढच्या बाळाने दिवसात निदान सहा वेळा लंगोट ओला करावा. तिथे दोन होते, कुठे तीन. एका ठिकाणी शेरा होता, 'रंग गडद.' शेजारी वेळ, मिनिटासकट.

आमच्या डॉक्टर सरांनी बाळ तपासलं, रक्त पाठवलं. कावीळ फारशी नव्हती. रक्तातलं मीठ वरच्या हद्दीला टेकलं होतं. बाळाच्या अंगात पाणी कमी पडलं की ते वाढतं आणि फार वाढलं तर मेंदूला धोका असतो. सर कमी बोलतात. "गुटी बंद, पाणी बंद. उद्या सकाळी वजन. वाढलं नाही तर ॲडमिट." मग माझ्याकडे बघून, "एक फीड समोर करून घे."

फीडिंग रूममध्ये आलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाळ तोंड उघडून मान एका बाजूला वळवत होतं, मूठ चोखत होतं. भुकेची खूण ही असते. रडणं ही फार उशिराची खूण आहे, तोपर्यंत बाळ चिडलेलं असतं आणि धड पीत नाही.

"भूक लागलीय तिला," मी म्हटलं.

प्रसादने घड्याळ बघितलं. "अजून पन्नास मिनिटं आहेत. बाराच्या आधी पाजायचं नाही."

"आत्ता पाजायचं."

"पण मग बाराचं..."

"आत्ता!"

माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाहेरून सिस्टर डोकावून गेल्या. मी दोघांना बाहेर पाठवलं आणि स्नेहलला नीट टेकून बसवलं. बाळाचं लॅच छान होतं. लॅच म्हणजे बाळाने नुसतं टोक न धरता भोवतालचा काळा भागही तोंडात घेणं. गिळल्याचा आवाज येत होता. दूध होतं, भरपूर होतं. मी हे स्नेहलला सांगितलं. ती काही बोलणार असं वाटलं, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"दहा झाली. बाजू बदल."

मी दार किलकिलं करून म्हटलं, "तिला हवं तेवढं पिऊ द्या. ती स्वतः सोडेल."

फीड पंचवीस मिनिटं चाललं. बाहेर आल्यावर त्याने रजिस्टर उघडलं. "मग आता पुढचं कधी?"

"ती मागेल तेव्हा."

"म्हणजे किती वाजता?"

"वाजता नाही. चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा."

"आठ की बारा?"

"ते तिच्यावर आहे."

"मॅडम, असं कसं? काहीतरी नक्की आकडा असेल ना."

मी खूण कशी ओळखायची ते परत सांगितलं. तीन तासांपेक्षा जास्त झोपली तर उठवून पाजा, असंही सांगितलं. चित्रांचा कागद दिला. तो मान डोलवत होता आणि समासात काहीतरी लिहीत होता. मला वाटलं, कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन २.६१५. पाच ग्रॅम. काट्यावर फुंकर मारली तरी तेवढं येईल.

मी रजिस्टर मागितलं. वेळा होत्या अशा: दोन चोवीस, चार अठ्ठेचाळीस, सात बारा.

"हे काय आहे?"

"आठ आणि बाराच्या मध्ये दहा," प्रसाद म्हणाला. "चोवीस भागिले दहा. दर दोन तास चोवीस मिनिटांनी. मोबाइलला अलार्म लावलेत. एकही चुकवला नाही."

मी टेबलाची कड धरली. कोर्समध्ये आम्हाला शिकवतात, पालकांवर चिडायचं नाही. असे पालक भेटले तर काय करायचं, ते शिकवत नाहीत.

शेरे वाचले. 'अलार्मला झोपलेली. उठवली. दोन मिनिटं प्यायली, झोपली.' त्याच्याखाली, 'पन्नास मिनिटांनी रड. अलार्मला वेळ होता. फिरवली. रडून झोपली.' पानभर हेच. बाळ हवं तेव्हा उपाशी आणि दूध मिळेल तेव्हा दमून गाढ. ज्या वेळी ती प्यायली, त्या वेळीही दहा मिनिटांनी तिला ओढून बाजू बदललेली.

सरांनी वजन बघितलं. "ॲडमिशनचा फॉर्म काढ. सलाइन लावू, वरचं दूध सुरू करू."

ॲडमिट म्हणजे बाळ आतल्या काचेच्या खोलीत आणि आई बाहेर बाकावर. दूध असलेल्या आईचं दूध अशा वेळी तुटायला लागतं, हे मी पाहिलेलं आहे. मी सरांकडे कधी काही मागत नाही. त्या दिवशी म्हटलं, "सर, दुपारपर्यंत द्या. इथेच बसवते. प्रत्येक फीडच्या आधी आणि नंतर वजन करते."

सर म्हणाले, "रक्त परत पाठव. रिपोर्ट वर गेला तर तेव्हाच आत घ्यायचं."

रिपोर्ट कालच्यापेक्षा वाढला नव्हता. मी तिघांना फीडिंग रूममध्ये बसवलं आणि विचारलं, "बाळ रडतं तेव्हा तुम्ही काय करता?"

"ती झोपलेली असते," प्रसाद म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय."

"नाही, म्हणजे तिच्या झोपेच्या वेळेला..."

"मी त्यांना विचारतेय," मी म्हटलं. "दोन दिवस विचारतेय. दर वेळी तुम्ही उत्तर देता."

आजींनी दुपट्याची घडी मोडली आणि परत घातली. आता मी काय करायचं, हे मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून मी पेन खाली ठेवलं.

"मी झोपलेली नसते," स्नेहल म्हणाली.

प्रसादने मान वर केली.

"भिंतीपलीकडून आवाज येतो ना. ती रडली की मला पान्हा फुटतो. गाऊन भिजतो. मी टॉवेल धरून पडून राहते. घड्याळ बघत." ती नवऱ्याकडे न बघता बोलत होती. "बारा वाजेपर्यंत सगळं टॉवेलात गेलेलं असतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही माझ्यासाठी एवढं आखलंत. दोन वेळा उठून आले तर म्हणालात, झोप, तुझी वॉच नाहीये."

आजी मुलाकडे वळल्या. "बघ. पोरीची आवस ती, तिला कुठली सुट्टी? आणि मी पण खुळी, तुझ्या पुस्तकाकडे बघत बसले."

"आई, तू पण वॉच करतच होतीस ना!"

"तू लावलंस म्हणून. हिच्या दुधाला नावं ठेवली मी फुकट."

रजिस्टर प्रसादच्या मांडीवर उघडंच होतं. बाळाने मूठ तोंडात घातली. या वेळी त्याने घड्याळ बघितलं नाही. दुपट्यासकट उचलून त्याने तिला स्नेहलकडे दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बाळ एका बाजूला अठरा मिनिटं प्यायलं, स्वतः सोडलं, ढेकर दिली आणि दुसऱ्या बाजूला परत सुरू झालं. नंतर वजन केलं. पंचावन्न ग्रॅम दूध पोटात गेलं होतं. दुपारपर्यंत ती आणखी दोनदा प्यायली. एकदा दीड तासाने, एकदा चाळीस मिनिटांनी. चाळीस मिनिटांच्या वेळी प्रसादचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण त्याने तिला उचलून स्नेहलकडे दिलं. सरांनी तिन्ही वजनं पाहिली, म्हणाले, "घरी जाऊ दे. उद्या परत." फॉर्म मी फाडून टाकला.

दुसऱ्या सकाळी २.६६५.

प्रसादने वॉच मोडली नाही. ते त्याला जमणारही नव्हतं. त्याने ड्यूटी बदलली. पाळणा स्नेहलच्या पलंगाला लागून. ज्याची वॉच त्याने बाळाने तोंड हलवलं की तिला आईच्या कुशीत द्यायचं, नंतर ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, स्वयंपाक बघायचा. रजिस्टरमध्ये वेळ अजून लिहिली जात होती, पण पाजून झाल्यावर. चौदाव्या दिवशी ते परत आले तेव्हा शू-च्या रकान्यात सात होते. "पी आणि एस?" मी विचारलं. "ते तिच्याकडे," तो म्हणाला. स्नेहल पहिल्यांदा हसली.

तो जहाजावर गेला. महिन्याच्या तपासणीला स्नेहल आणि आजी रिक्षाने आल्या. वजन तीन किलो तीनशे. मुलगी अजूनही संध्याकाळी किरकिर करते, असं आजी म्हणाल्या. संध्याकाळी बहुतेक बाळं करतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही आणि मी तसं सांगितलं.

आता मी 'किती वेळा पाजता?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारते. त्याचं उत्तर बहुतेकांचं पाठ असतं. आधी विचारते, बाळ रडलं की पहिल्यांदा कोण उचलतं आणि कुणाकडे देतं. आणि आईच्या आधी दुसरं कुणी बोललं तर पेन खाली ठेवून थांबते. यात वेळ जातो. बाहेर रांग वाढते, सिस्टर चिडतात. चिडू देत.