बनुबाईनं न कापलेली मरळ

पाथर्डीच्या वाटेवर, पाझर तलावाच्या भिंतीखाली बनुबाई मासे कापून द्यायची. नवरा रामहरी पहाटे जाळं काढायचा आणि ती गोणपाट अंथरून मोठी विळी मांडायची. जीपवाले, मास्तर, ऊसतोडीहून परतलेली माणसं तिच्यापुढं उकिडवी बसायची. तीस वर्षांत तिला आतड्यांची, रक्ताची कधी किळस आली नव्हती. नाकाला रुमाल लावणाऱ्यांचं तिला हसूच यायचं.

दोन-तीन वर्षांपासून रविवारी नगरहून गाड्या यायला लागल्या. शिकलीसवरलेली मंडळी, हातात बारीक दांड्या. गळाला मरळ लागली की फोटो काढायचे आणि बनुबाईकडून साफ करून न्यायचे. त्यातला केदार बँकेत नोकरीला होता, बोलायला गोड. त्यानं एकदा कौतुकानं डबी उघडून तिला दाखवली. आत गांडुळं होती, जांभळी, हिरवी, चमकी लावलेली, रबरासारख्या मऊ प्लास्टिकची. एक त्यानं तिच्या तळव्यावर ठेवलं. ते तेलकट होतं, नुसतं लिबलिबत थरथरत होतं आणि त्याला बडीशेपेचा वास येत होता. वासानं मासा भुलतो, असं केदार म्हणाला. बनुबाईनं ते परत डबीत टाकलं आणि राखेनं तीनदा हात घासले. वास काही गेला नाही.

मग ते जिकडंतिकडं दिसायला लागलं. शेपूट तुटलेली गांडुळं मंडळी तिथंच पाण्यात फेकून द्यायची. बाभळीच्या फांद्यांना ती गांडुळं लोंबायची, रामहरीच्या जाळ्यात यायची. एकदा तिनं शेळीच्या तोंडातून एक ओढून काढलं.

यंदा मार्चात पाणी तळाला गेलं होतं. केदारनं हातभर लांब मरळ आणली, खुशीत होता. बनुबाईनं ती उचलली आणि तिला नवल वाटलं. डोकं केवढं थोरलं आणि अंग वाळल्या काटकीसारखं. पोट मात्र दगड. तिनं विळीवर पोट फाडलं, तसा गोळा बाहेर पडला. त्यातली अकरा रबरी गांडुळं फुगून बोटाएवढी झाली होती, एकमेकांत अडकून राखाडी पडली होती. मधे एक चिंगळी न जिरता सडलेली. सडका वास आणि त्यात बडीशेप. बनुबाई उठली, भिंतीमागं गेली आणि भडाभडा ओकली.

ती परत आली तेव्हा केदार थोडा ओशाळला होता. तेवढं काढून टाका, मांस चांगलंच असेल, तुकडे करून द्या, असं तो म्हणाला. त्या गोळ्यापेक्षा या बोलण्याची तिला जास्त किळस आली.

"दादा, पोट भरल्यालं हाय आन् अंगावर मांस न्हाई," ती म्हणाली. "उपाशी मरत हुती ही. आन् तुमी ही खानार?"

"मावशी, ती गांडुळं माझीच कशावरून? सगळेच टाकतात."

"मंग सगळ्यांचीच घेऊन जा."

तिनं तो गोळा त्याच्या डबीत कोंबला, झाकण लावलं आणि डबी त्याच्या हातात दिली. मरळ तिनं पुढं कापली नाही.

गिऱ्हाईक तोडलंस म्हणून रामहरी दोन दिवस फुरंगटून बसला. बनुबाई मच्छीमार सोसायटीच्या गोरक्षकडं गेली, ही रबरी गांडुळं बंद करा म्हणाली. त्यानं आधी उडवून लावलं. तलावात चपला, बाटल्याही पडतात, त्याचं काय, म्हणाला. चप्पल मासा गिळत न्हाई, असं तिनं त्याला सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी विळीसमोर बसवून ठेवलं. पाच मरळी फाडल्या. दुसरीच्या पोटातून गोळा निघताच गोरक्ष तोंड फिरवून उठला. पुढच्या बैठकीत सोसायटीनं रबरी गांडुळं बंद केली आणि बाभळीला पाटी ठोकली.

नगरची निम्मी मंडळी यायची थांबली. केदार आता दुसऱ्या धरणावर जातो म्हणे. राहिलेले उकिरड्यातली खरी गांडुळं खणून आणतात. तळाशी पडलेलं मात्र अजून निघतंच. म्हणून हल्ली बनुबाई आधी अंगठ्यानं मरळीचं पोट दाबून बघते आणि टणक लागलं की मासा बाजूला सारते. गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हातारी नखरेल झाली म्हणतं. ती वर बघत नाही, पुढचा मासा घेते. घरी रामहरीला मरळ रांधून वाढते, स्वतः मिरचीच्या ठेच्यासंगं भाकरी खाते.