पाडायच्या आधी पाहिलेली लायब्ररी

पाठक काकांचा फोन आला. "मंगळवारी सुट्टी मिळेल का गं? पेनसिल्व्हेनियाला जायचंय. आमची लायब्ररी पाडतायत. गावाची मीटिंग आहे, मला बोलायचंय."

काका आमच्याच हर्नडन गावातले, रिटायर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअर. तरुणपणी त्यांनी एका स्विस वास्तुकाराकडे काम केलं. काका त्यांना अजूनही 'साहेब' म्हणतात. ही लायब्ररी त्या साहेबांनीच काकांना हाताशी घेऊन बांधलेली. डोळ्यांमुळे काकांचं ड्रायव्हिंग बंद झालंय. मी पुण्यात आर्किटेक्चर शिकले. इथे अमेरिकेत आल्यावर व्हिसाच्या भानगडीत ते सुटलं आणि मी सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले. मी लगेच हो म्हटलं.

हर्नडनहून फ्रेडरिक, मग रूट फिफ्टीनने हॅरिसबर्ग आणि पुढे रूट ३२२. या रस्त्याला टोल नाही. हॅरिसबर्गनंतर बराच वेळ नदी सोबत असते, मग डोंगर सुरू होतात. वाटेत शाकाहारी माणसाला सँडविचशिवाय काही मिळत नाही, तेव्हा डबा न्या. आम्ही थालीपीठं नेली होती. मुक्काम स्टेट कॉलेज नावाच्या गावात केला. तिथल्या विद्यापीठाची फुटबॉलची मॅच असेल त्या आठवड्यात मात्र मोटेलचे भाव विचारूच नका. लायब्ररीचं गाव तिथून जवळ आहे.

काका वाटभर साहेबांबद्दल बोलत होते. साहेब सुताराचा मुलगा. आधी त्यांनी खुर्च्या केल्या, मग शाळा, मग लायब्रऱ्या. अमेरिकेत एका कॉलेजात शिकवायला आले आणि इथलेच झाले. त्यांचं एकच म्हणणं असायचं, गावातल्या माणसाला जे दुरुस्त करता येणार नाही, ते आपण बांधायचं नाही. म्हणून प्रत्येक जोड दिसला पाहिजे, प्रत्येक स्क्रू हाताला लागला पाहिजे.

"एका मोठ्या कंपनीचं काम आलं होतं," काका म्हणाले. "त्यांना सगळी काच हवी होती, एकही खिडकी न उघडणारी. साहेबांनी सरळ नाही म्हटलं. आमचे पगार थकले होते तेव्हा."

"तुम्ही चिडला नाहीत?"

"चिडलो की! घरी जाऊन हिच्यावर चिडलो." मग म्हणाले, "शेवटी ऑफिस बंदच पडलं."

दुपारी आम्ही पोचलो. बाहेरून ती लायब्ररी कोठारासारखी दिसते. आत गेल्यावर मात्र मी दारातच थांबले. एकच मोठी खोली, लाकडाचं छत, आणि उत्तरेच्या भिंतीतल्या उभ्या फटींतून येणारा उजेड बरोबर टेबलांवर पडतो, कुणाच्या डोळ्यांत जात नाही. कॉलेजात इमारतींचे उभे छेद काढताना असा उजेड मी कितीदा कागदावर काढला होता. प्रत्यक्ष पाहिला तो त्या दिवशी.

मग बाकीचं दिसलं. मुलांच्या पुस्तकांजवळ बादली, छताला काळे डाग. खिडक्यांच्या कडा सिलिकॉन भरून कायमच्या बंद केलेल्या. काका त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"या खिडक्या उघडायच्या?" लायब्रेरियन बाईंनी विचारलं. "मला माहीतच नव्हतं." वीस वर्षं त्या तिथे काम करत होत्या.

संध्याकाळी मीटिंग झाली, फायर स्टेशनच्या हॉलमध्ये. प्रत्येकाला तीन मिनिटं. काका कोट घालून उभे राहिले. छताच्या फक्त दोन पट्ट्या बदलाव्या लागतील, अख्खं छत काढायची गरज नाही, असं त्यांनी समजावलं. एकही मुद्दा चुकला नाही.

अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, हे काम कोण करेल?" त्यांनी विचारलं. "आम्ही तीन वेळा कंत्राटदार बोलावले. तिघांनीही नाही म्हटलं. इथली लाकडाची मिल बंद झाली, सुतार गाव सोडून गेले. तुमच्या माहितीत कुणी आहे का?"

काका म्हणाले, "नाही, मॅडम."

हात वर झाले. पाडायचा ठराव एकमताने मंजूर झाला. लगेच पुढचा विषय निघाला, हिवाळ्यात रस्त्यांवरच्या बर्फावर टाकायच्या मिठाचा.

पार्किंगमध्ये काका म्हणाले, "ती बाई चुकीचं बोलली नाही गं. दुरुस्त करणारी माणसं असतीलच, असं आम्ही धरूनच चाललो होतो." मी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी परतताना त्यांनी लायब्ररीवरून गाडी घ्यायला नको म्हटलं. घरी सोडताना मी जेवायला बोलावलं, तर म्हणाले, "आज नको, पडतो जरा." त्यानंतर त्यांनी तो विषय काढलेला नाही. मीही काढत नाही. हे लिहू का, एवढं मात्र विचारलं. "लिही," म्हणाले, "पण साहेबांचं नाव नको." म्हणून ते नाव आणि गावाचं नाव इथे नाही.

कुणी विचारेल, मग जावं का असल्या जागा बघायला? मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं, आर्किटेक्चर सुटलं याचं मला वाईट वाटायचं. ठरावाला हात वर झाले, त्या क्षणी पहिल्यांदा मनात आलं, बरं झालं सुटलं. काका शेजारीच बसले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, तेवढंच बरं.