शनिवारची सपाट रेघ

माझं काम लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. रोह्याला एमआयडीसीतल्या कंपन्यांमध्ये टाक्या असतात, पंप असतात, बॉयलर असतात. हल्ली त्यांना इंटरनेट जोडलेलं असतं आणि ती यंत्रं आपली खबर सारखी पाठवत बसतात. किती भरलो, किती तापलो, कधी थांबलो. नुसते आकडे बघत बसलं तर माणसाचं डोकं फिरेल, म्हणून मी त्यांचे डॅशबोर्ड बनवते. एका पडद्यावर हिरव्या-निळ्या रेघा, फिरते काटे, आणि काही बिघडलं की लाल चौकोन. आई पेणमध्ये सगळ्यांना सांगायची, "आमची मुलगी कंपनीत रेघोट्या मारते." आता यावर काय बोलणार? खोटं थोडंच होतं ते!

पण मला त्या रेघांचं वेड आहे, हे खरं. दुपारी डबा खाऊन झाला की ऑफिसात पंखा घरघरतो, कुंडलिका नदीवरून ओलसर वारा येतो, आणि एखादी टाकी हळूहळू रिकामी होताना बघत माझी तंद्री लागते. कुणीतरी शांत झोपलंय आणि आपण उशाशी बसलोय, असं वाटतं.

दिवाळीनंतर आई न्हाणीघरात पडली. डावं मनगट मोडलं. भाऊ कल्याणहून आला तो ठरवूनच आला, की पेणचं घर बंद आणि आई त्याच्याकडे. आईने जेवण टाकलं. तिचं आयुष्य गेलं गणपतीच्या कारखान्यात, मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करण्यात. कल्याणच्या सातव्या मजल्यावर ती कुणाचे डोळे काढणार होती? खूप वादावादी झाली आणि शेवटी भावाने अट घातली: राहायचं तर घरातच राहायचं, कारखाना बंद. आणि ती ठीक आहे हे आम्हाला रोज दिसलं पाहिजे. एक दिवस जरी शंका आली, तरी तो गाडी घेऊन येणार. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू रेघोट्या मारतेस ना? मार माझ्या घरावर."

मग मी आईचा डॅशबोर्ड बनवला. टाकीत पाणी मोजणारं यंत्र टाकलं, आणि गॅसच्या वरच्या भिंतीवर स्वयंपाकघराची ऊब मोजणारी काडेपेटीएवढी डबी चिकटवली. गुढीपाडव्याला आईने त्या डबीला हळदकुंकू वाहिलं. भावाच्या फोनवर आणि माझ्या पडद्यावर, कंपनीच्या बॉयलरशेजारी, आईच्या दोन रेघा चालू झाल्या.

काय सांगू, ते दिवस फार गोड होते. सकाळी निळी रेघ उतरली की मला तांब्याचा आवाज ऐकू यायचा. बाराच्या सुमाराला लाल रेघ चढली की मी रोह्यात बसून ओळखायची, तांदूळ वैरले. मग ती रेघ सावकाश उतरायची आणि मला आई दिसायची, हात पुसत, पदर खोचत, उंबऱ्यात टेकलेली. लग्न करून गेल्यापासून मी आईच्या इतकी जवळ कधी राहिले नव्हते. खुर्चीत डोळे मिटून मी माहेरी जाऊन यायची.

जेठात एक नवीन गोष्ट दिसायला लागली. शनिवारी दुपारी लाल रेघ हलायचीच नाही. एकदम सपाट. मी फोन केला, "आई, शनिवार धरलास का गो?"

मग आई म्हणाली, "व्हय व्हय. धरलाय. मारुतीचा." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. टीव्ही असेल, असं मला वाटलं.

आषाढातल्या संकष्टीला मात्र मी खुर्चीतून ताडकन उठले. आई संकष्टीला दिवसभर चूल पेटवत नाही, चंद्रोदयानंतरच काय ते. एक वेळ ती स्वतःचं नाव विसरेल, पण संकष्टी नाही. आणि त्या दिवशी बाराला लाल रेघ चढली, भलतीच चढली. मी फोन लावला, उचलला नाही. परत लावला, नाही. तेवढ्यात भावाचाच आला. "बघितलंस? आज संकष्टी ना? ती विसरायला लागली. मी उद्या सकाळी गाडी घेऊन येतोय."

"मी आधी जाऊन बघते," म्हटलं, "मग काय ते ठरव." आणि मिळाली ती एसटी पकडली. नागोठण्यापर्यंत देवाला हात जोडले, पुढे वडखळपर्यंत हायवेच्या खड्ड्यांना शिव्या दिल्या. मनात एकच: आई विसरायला लागली असेल तर आता तिला कोण पेणमध्ये ठेवणार, आणि कोणत्या तोंडाने मी ठेवा म्हणणार? रडू येत होतं. शेजारच्या बाईने न विचारता आलेपाकाची वडी दिली.

पेणच्या रामवाडी स्टँडला उतरून रिक्षाने घरी आले. दार नुसतं लोटलेलं. आत शिरले आणि थबकले. संकष्टीच्या दिवशी आमच्या घरात माशाच्या तळणीचा वास! गॅसपाशी शेजारची मावशी स्वतःचा तवा घेऊन खाडीची बोय तळत होती.

ही मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. तिचे सगळे नातेवाईक केव्हाच इस्रायलला गेले, पाठोपाठ मुलंही गेली. ती नाही गेली. "माझं मराठी तिकडे कोण ऐकणार?" म्हणाली आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहिली. आई पडली तेव्हा आवाज ऐकून पहिली धावली तीच.

"आई कुठाय?" मी जवळजवळ ओरडलेच.

मावशीने आधी मासा उलटला; रात्रीसाठीचा दुसरा घाणा होता तो. "आता ओरडून काय फायदा? बस. कारखान्यात हाय तुझी आई. महिना झाला जाते. दुपारी मी येऊन गॅस पेटवते, तुमच्या त्या डबीसाठी. माझं जेवणपण होतं, माझा सिलिंडरपण वाचतो."

मी पाट ओढून बसले. महिनाभर मी रोह्यात डोळे मिटून जिच्या रेघेवर डोलत होते, ती ही बाई होती. आणि शनिवार? शनिवारी ती विस्तव पेटवत नाही, तिचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार. त्याला मी मारुतीचा उपास म्हटलं होतं!

"मागच्या संकष्टीला तिने आदल्या दिशी सांगितलं होतं," मावशी म्हणाली, "या वेळी कामाच्या गडबडीत राहिलं सांगायचं. आणि मला काय तुमची तिथी समजते? एवढी शिकलीस तू, मला सांग, तुमच्या उपासाला मी मासा तळला तर पाप कुणाला?"

मला हसू आलं, रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यावर करायचं काय ते कळेना. तशीच उठून पलीकडच्या आळीत कारखान्यात गेले.

दारापासून आतपर्यंत पांढऱ्या मूर्ती ओळीने बसलेल्या. त्यांच्यामध्ये पाटावर आई, पाठीला उशी, समोर मूर्ती, हातात बारीक ब्रश. बाजूला चार बायका सोंडा रंगवत गप्पा मारत होत्या. आईने मला बघितलं आणि डोळ्यांनीच "थांब" म्हटलं. बुबुळ पुरं केलं. मग ब्रश खाली ठेवला.

"खोटारडी," मी म्हटलं. "इथे पडली असतीस तर?"

"इथे पडले असते तर या चौघींनी झेलली असती. मी पडले कुठे होते, आठव बघू." तिने माझा हात धरला. "तुम्हाला रेघ पायजे होती, म्हणून रेघ दिली. मला नको गो नेऊ देऊस त्याला. तिकडे मी बरी राहीन, पण मी नसेन."

मी भावाला व्हिडिओ कॉल लावला, आणि तो काही बोलायच्या आत म्हटलं, "आई काही विसरली नाही. ती घरीच नव्हती. गप्प बस आणि बघ." आणि फोन आईच्या हातापुढे धरला.

आईने दुसरा डोळा घेतला. हात जराही हलला नाही. कोऱ्या मूर्तीला एकेक रेघ मिळत गेली आणि एकाएकी ती आमच्याकडे बघायला लागली. लहानपणी आम्ही दोघं भावंडं याच क्षणाला पाटाशी बसून श्वास धरायचो. मग भाऊ हळू आवाजात म्हणाला, "आपल्या घरचा बाप्पा ठेवलाय का तिने?" गाडीचं नाव त्याने परत काढलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा मी स्टुलावर चढून डबी काढायला लागले. आता आईच्या दुपारची राखण करायला कारखाना होता. मावशी आपला तवा घेऊन निघाली होती, ती दारात थांबली.

"काढतेस?"

"हो. आता उगीच यायला नको तुम्हाला."

"बरं," मावशी म्हणाली. गेली नाही. पदराने तवा पुसत राहिली. "काय हाय बाय, महिनाभर कुणीतरी बघतंय म्हणून बाराच्या टायमाला जेवण व्हायचं. एकटीला कधी चहा-पावावर भागतं. ती डबी माझ्याकडे लाव ना."

"तुमच्या मुलांना दाखवायला?"

"त्यांना कशाला, त्यांना त्यांची कामं हायत. तूच बघ."

डबी मी त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडे लावली. आईने तिला परत हळदकुंकू वाहिलं, मावशीने वाहू दिलं.

कंपनीच्या पडद्यावर रेघ सपाट झाली की मी आधी फोन उचलते, तसा नियमच आहे. बॉयलरशेजारी आता मावशीची रेघ असते. बाराला ती चढली की मी ओळखते, तांदूळ वैरले. शनिवारी दुपारी मात्र ती सरळ, सपाट पडून असते. मी ती डोळे भरून बघते आणि निवांत डबा उघडून जेवायला बसते.