राष्ट्रपतींची सही

गफूर सर वर्गात आले की आधी बाक फिरवायचे. उजवीकडे सरकार, डावीकडे विरोधक, मध्ये वाट. पडेगावच्या आमच्या शाळेत नागरिकशास्त्र असंच चाले. चुणचुणीत पोरं ते हटकून विरोधकांत बसवत. “सरकारात कुणीबी खपतंय. इचारायला अक्कल लागती.”

मी चित्रकलेचा मास्तर. एकदा मोकळा सापडलो, तर मला धरून नेऊन राष्ट्रपतीच केलं.

“सर, राष्ट्रपती काय करतात?” सातवीतल्या आफरीननं विचारलं.

“मोठ्या खुर्चीवर बसून सही करतात. म्हणून तर पाटील सरांना आणलं.”

पोरांनी विधेयक मंजूर करून आणलं. मी झोकात सही ठोकली, खाली दोन रेघाही ओढल्या. वर्गात आरडाओरडा झाला, तेव्हा वाचलं: चित्रकलेचा तास रद्द, त्या जागी कबड्डी.

सरांनी कपाळावर हात मारला. “अहो महामहीम, वाचायचं तरी! पटलं नाय तर परत धाडता येतंय तुमाला. पण एकदाच. पुन्हा तेच मंजूर होऊन आलं, तर गुमान सही करायची.”

“मग त्यांचा उपयोग काय?” आफरीन.

“पुन्हा इचार करा, असं म्हणणारं कुणीतरी लागतं ना, बेटा.”

कबड्डी वर्षभर चालली. पंच मीच होतो.

पुढे सरांना घशाचा कॅन्सर निघाला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. राहायला माझ्या शेजारच्या खोलीत. दवाखान्यात मीच मोटारसायकलवरून न्यायचो. औषध चढवून आले की पोटात पाणी ठरत नसे. मी आपला विनोद करत राही. एकदा ते खरोखर हसले, आणि रुमालात रक्त आलं. तेव्हापासून दवाखान्याच्या वाटेवर माझं तोंड बंद.

शेवटी डॉक्टर म्हणाले, आता फारसा फरक पडणार नाही. हवं तर आणखी एकदा औषध देऊन बघू.

“बस झालं,” सर म्हणाले. “मला पिशोरला भावाकडं सोडा.”

“काहीतरीच बोलू नका! सकाळी गाडी काढतो, तयार राहा.” मी चक्क ओरडलो.

सर म्हणाले, “बरं. परत धाडलं म्हणायचं.”

आणि आले. त्या औषधानंतर त्यांना उठून बसणंही होईना. मी पेज घेऊन गेलो, तर त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं. आवाज जवळजवळ गेलाच होता.

“पुन्हा आलंय, महामहीम. एक शब्द बदललेला नाय.”

मी पेज खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी जीप ठरवली आणि त्यांना मागच्या सीटवर आडवं निजवून पिशोरला पोचवलं. भावानं मक्याच्या शेताकडे तोंड करून खाट टाकली. सर त्याच खाटेवर गेले.

त्यांचा तास आता माझ्याकडे आहे. मीही बाक फिरवतो. परवा डावीकडून प्रश्न आला, “सर, राष्ट्रपतींना नाही म्हणता येतं का?”

“येतं. एकदा.”

“आणि तेच पुन्हा आलं तर?”

“मग गाडी काढायची,” मी म्हणालो.

सगळा वर्ग हसला. पाटील सरांचं पुन्हा काहीतरी चुकलं, असं पोरांना वाटलं.