प्रहर म्हणजे तीन तास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या मैत्रिणीलाही नाही. दोनदा सांगायला बसले आणि दोन्ही वेळा चहा करायला उठले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही.

माझं मराठी कच्चं आहे, असं आमच्याकडे सगळे धरूनच चालतात. मी दिल्लीत वाढले — बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, शाळा इंग्रजी, भांडणं हिंदीत. सुट्टीत पुण्याला गेलं की आत्या परीक्षा घ्यायची, "उलथनं आण बघू." मला कळायचं, तरी मी झारा नेऊन द्यायचे. सगळे हसायचे आणि पुढचं काम कुणी सांगायचं नाही. काय सोय होती!

आईला संधिवात आहे, हळूहळू बोटं वाकडी करणारा. बाबा गेल्यावर ती गुरुग्रामला आमच्याकडे आली. तिचं हिंदी भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतं झकास, पण डॉक्टरांसमोर बसली की ते कुठे पळायचं कोण जाणे. दुखणं मराठीतच बाहेर यायचं. "सारखा ठणका असतो गं. सकाळी प्रहरभर मूठ वळत नाही — सांग ना त्यांना." आणि मी भराभर इंग्रजीत सांगायचे, की थोडं दुखतं, सकाळी अर्धा तास बोटं आखडतात, बाकी ठीक.

अर्धा तास. कुठून आणला मी तो?

पहिल्याच भेटीत डॉक्टर मला म्हणाले होते, की सकाळचं आखडणं तासाच्या वर जायला लागलं तर गोळ्यांवर भागणार नाही. मग इंजेक्शनं, सतत रक्ततपासण्या, दर वेळी दिवसभर सोबत कुणीतरी. कुणीतरी म्हणजे मीच. मला तेव्हा ऑफिसात नुकतीच स्वतःची टीम मिळाली होती. पुढच्या वेळी खरं सांगू, असं मी म्हणायचे — दर वेळी म्हणायचे. "एवढ्यात झालं सांगून?" असं आईनं विचारलंच, तर उत्तर तयार असायचं, "आई, तुझे ते जुने शब्द मला कुठे येतात?" ती बिचारी हसायची. अशी चार वर्षं गेली.

मग इथल्या महाराष्ट्र मंडळानं एक मराठी सिनेमा दाखवला. याच आजाराची बाई, तिचं घर, तिचे दिवस. नळ फिरवता येत नाही म्हणून ती मनगटानं ढकलते, तेव्हा आईनं माझा दंड धरला. ती स्वतः तस्संच करते — मी रोज पाहत होते. पुढे ती बाई डॉक्टरांना म्हणते, "प्रहरभर बोटं आखडलेली असतात," आणि खाली इंग्रजीत अक्षरं आली, तीन तास. आई इंग्रजी अडखळत वाचते, पण तेवढं तिनं वाचलं.

"प्रहर म्हणजे तीन तास," ती माझ्या कानाशी म्हणाली. "तुला माहीत नव्हतं का गं?"

मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे सगळं मी मराठीत लिहितेय, यावरूनच काय ते समजा.

"नाही," मी म्हणाले.

पुढच्या भेटीला तिनं मला बोलूच दिलं नाही. घरी घोकलेलं हिंदी तिनं सरळ डॉक्टरांना ऐकवलं, "सुबह तीन घंटे मुट्ठी नहीं बनती।" डॉक्टरांनी फाईल मागे चाळली. दर पानावर तीस मिनिटं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "लड़की का कसूर नहीं है जी। दिल्ली की है ना। मैं ही प्रहर-प्रहर बोलती रही, उसको कैसे समझेगा?"

मी काय केलं? मान हलवली. "हाँ, मेरी मराठी थोड़ी वीक है," असंही म्हणाले.

औषध बदललं. ठणका आता पुष्कळ कमी आहे. पण वाकलेली बोटं परत सरळ होणार नाहीत, लवकर कळायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी येताना कॅबमध्ये मला रडू कोसळलं, तर आईच त्या बोटांनी माझी पाठ चोळत राहिली. वर म्हणाली, "तुला शिकवलं नाही मी, चूक माझी आहे."

तेव्हापासून ती मला रोज एक मराठी शब्द शिकवते. पेन धरवत नाही, म्हणून तोंडीच. काल 'उसण' शिकवली — ती कशी भरते, कुठे भरते, सगळं करून दाखवलं. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत होते. परत सांग ना, म्हणाले. तिनं परत सांगितलं.